उसाच्या ट्रॉलीसाठी हाय-स्ट्रेंथ पत्रा: ४५० घ्यावा, ७०० कशाला?

मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत, पलूस-कुंडलच्या बाजूला किंवा कऱ्हाडकडे उसाची ट्रॉली बांधायला टाकायची म्हटली, की दोन प्रकारच्या मालाची चर्चा होते. एक नेहमीचा चॅनेल आणि दुसरा ‘हाय-स्ट्रेंथ’ पत्रा. दुसरा किलोमागे महाग पडतो. तो घ्यावा का, कुठल्या ग्रेडचा घ्यावा, ट्रॉलीच्या कुठल्या भागात वापरावा आणि वर्कशॉपमध्ये काय चुकले की त्याचे पैसे वाया जातात, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे.

निकाल आधीच सांगतो. १० ते १२ फुटी ट्रॉलीसाठी ४५० ग्रेडचा, कमी कार्बनचा पत्रा प्रेसवर वाकवून वापरला तर माल उत्तम आहे. अट एकच, सेक्शनची, म्हणजे वाकवून केलेल्या बीमच्या छेदाची, उंची वाढवली पाहिजे. ७०० ग्रेड या ट्रॉलीच्या चॅसीत घालू नये. तो पत्रा वाईट नाही, पण त्याची जास्तीची ताकद उसाच्या ट्रॉलीत कधी कामालाच येत नाही.

ग्रेडचा आकडा म्हणजे यील्ड, मेगापास्कलमध्ये. त्या ताणापर्यंत पोलाद ओढले तरी सोडल्यावर मूळ मापाला येते. त्यापुढे गेले की वाक कायमचा. साधा चॅनेल आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या ई २५० ग्रेडचा असतो, म्हणजे यील्ड किमान २५० आणि तुटण्याचा ताण किमान ४१०. त्याच मानकातल्या ई ४५० ला यील्ड ४५० आणि तुटण्याचा ताण ५७० लागतो. किलोच्या भाषेत ४५० म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर जवळजवळ ४६ किलोचा भार. युरोपियन मानकाचे नाव असेल तर एस ४६० एमसी किंवा एस ७०० एमसी असे लिहिलेले दिसते. स्ट्रेन्क्ससारखी ब्रँडची नावेही बाजारात असतात. ट्रकच्या चॅसीसाठी मागवतात तो ‘बीएसके ४६’ हाही ४५० च्याच वर्गातला.

ही ताकद येते कुठून, हे कळले की पुढची पथ्ये आपोआप पटतात. कार्बन वाढवून पोलाद ताकदवान करता येते, पण मग ते वेल्डिंगला त्रास देते आणि ठिसूळ होते. म्हणून या पत्र्यात कार्बन कमी ठेवतात आणि नायोबियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम अगदी थोडे घालतात. एस ७०० एमसी मध्ये तिघे मिळून ०.२२ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. स्लॅब, म्हणजे ज्यातून पत्रा लाटतात तो जाड ठोकळा, साधारण १२०० ते १२५० अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे नायोबियम पोलादात विरघळते. मग शेवटचे रोलिंग मुद्दाम कमी तापमानाला, ९५० च्या खाली सुरू करून साधारण ८५० अंशांपर्यंत आणतात. त्या तापमानाला दबलेले पोलादाचे स्फटिक-कण पुन्हा मोठे व्हायला नायोबियम आडवे येते. पत्रा रोलमधून बाहेर पडला की वरून-खालून पाण्याच्या धारा सोडून तो ६०० अंशांच्या आसपास आणतात आणि कॉइल गुंडाळतात. परिणाम असा, की साध्या पोलादातला १५-२० मायक्रॉनचा कण इथे पाच-सहा मायक्रॉनवर येतो. कण जितका बारीक तितके यील्ड जास्त, आणि चिवटपणाही टिकतो. दोन्ही गोष्टी एकदम वाढवणारा उपाय पोलादात हा एवढाच.

याचा अर्थ ताकद रसायनापेक्षा रोलिंग आणि थंड करण्याच्या शिस्तीत आहे. ती शिस्त एकदा मोडली की वर्कशॉपमध्ये परत आणता येत नाही. गॅसकटरच्या ज्योतीने चॅसी लाल करून वाक काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. साध्या चॅनेलला ती फारशी बाधत नाही. या पत्र्याला ६०० अंशांच्या वर नेऊन तसेच धरले की त्या जागचे यील्ड खाली येते आणि चॅसीत एक मऊ पट्टा तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. वाक काढायचा तर हायड्रॉलिक जॅक आणि साखळी लावून, थंडच.

झोळाचा हिशेब

इथे बहुतेक सौदे चुकतात. ग्रेड वाढला म्हणून पत्रा कमी झोळ खात नाही. पोलाद किती ताणाला किती लांबते हे ठरवणारा आकडा सुमारे २ लाख मेगापास्कल आहे, आणि तो ई २५० ला जेवढा तेवढाच ७०० लाही. झोळ ठरतो सेक्शनच्या आकारावरून, त्यातही सगळ्यात जास्त उंचीवरून.

आकड्यांत पाहू. चॅसीच्या दोन लांब बीमांना १५० चा, म्हणजे १५० मिमी उंचीचा, चॅनेल धरला, तर त्याचे वजन मीटरला सुमारे १६.५ किलो. झोळाला अडवणारा त्याचा आकडा, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, सुमारे ७८० सेमी⁴ आणि वाकवणारा जोर पेलण्याचा आकडा, म्हणजे सेक्शन मॉड्युलस, सुमारे १०४ घन सेंटिमीटर. २५० च्या यील्डला तो २६ किलोन्यूटन-मीटर पेलतो.

आता ‘७०० ग्रेड आहे, पातळ चालेल’ म्हणून त्याच १५० उंचीचा, ६५ फ्लँजचा (फ्लँज म्हणजे वरची-खालची आडवी पट्टी), ४ मिमी पत्र्याचा सी-सेक्शन केला तर? वजन जवळजवळ निम्म्यावर येते. ताकद कागदावर मूळ चॅनेलपेक्षा जास्तच निघते. पण इनर्शिया ३७० च्या आसपास, म्हणजे झोळ दुप्पट. भरलेली ट्रॉली मधोमध बसलेली दिसते, फळ्या आणि खांब हलतात, त्यांचे टाके सुटू लागतात. मालक म्हणतो पत्रा हलका निघाला. पत्रा हलका नव्हता, आकार चुकला.

शिवाय पातळ फ्लँजचे आणखी एक दुखणे आहे. दाबाखालची पातळ पट्टी यील्डपर्यंत पोचायच्या आधीच बाजूला मुरडते. ६५ मिमी फ्लँज ४ मिमी जाडीला फारच रुंद होतो. ७०० चे यील्ड वापरायचे तर पट्टीचा मोकळा भाग जाडीच्या नऊ-साडेनऊ पटींहून मोठा नको. ४५० ला साधारण साडेअकरा पट चालतो. म्हणजे ७०० चा पातळ, रुंद फ्लँज आपली ताकद दाखवण्याआधीच मुरडतो.

चालणारा आकार असा: ४५० ग्रेड, ५ मिमी पत्रा, उंची २००, फ्लँज ६०. कोपऱ्याची गोलाई धरून त्याचा इनर्शिया सुमारे ८१० आणि मॉड्युलस सुमारे ८१. झोळ १५० च्या चॅनेलपेक्षा किंचित कमीच. पेलण्याची ताकद ३६ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे मूळ २६ पेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त. वजन मीटरला ११.८ किलो. याच मापात ७०० घातला तर झोळ तेवढाच राहतो आणि ताकद ५६ होते. ती ५६ कुठे वापरणार? एवढा भार टाकण्याआधी टायर, एक्सल आणि पाटे (स्प्रिंग) हात टेकतील. म्हणून ४५०.

आडव्या पट्ट्यांना हाच नियम. ७५ चा चॅनेल मीटरला सुमारे ७ किलो. त्याऐवजी ४५० चा ३ मिमी पत्रा १०० उंची आणि ४० फ्लँजने वाकवला तर झोळ तोच, ताकद जास्त आणि वजन ४ किलो. तळाच्या पत्र्यात तर गणित फार सरळ आहे. पत्र्याला पोचा पडू न देण्याची ताकद यील्ड गुणिले जाडीचा वर्ग अशी धरतात. ४ मिमी साध्याला २५० गुणिले १६ म्हणजे ४०००. ३ मिमी ४५० ला ४५० गुणिले ९ म्हणजे ४०५०. एक मिलिमीटर जाडी गेली आणि मार खाण्याची ताकद तिथेच राहिली.

एका १२ फुटी ट्रॉलीचे वजन किती वाचते ते असे. लांब बीम दोन मिळून ८ मीटर, तिथे ३८ किलो. आडव्या पट्ट्या १६ मीटर, तिथे ४८ किलो. तळ सव्वासात चौरस मीटर, एका मिलिमीटरला ५७ किलो. एकूण १४० किलोच्या वर. डबल ट्रॉलीला २८० च्या पुढे. रोज एक खेप आणि १२० दिवसांचे गाळप धरले तर हंगामात ३४ टन मृत वजन ओढायचे वाचते. फक्त लांब बीम बदलून बाकी सारे जुनेच ठेवले, तर ३८ किलोंसाठी वेगळा पत्रा, वेगळे बेंडिंग आणि वेगळी वेल्डिंग हा खटाटोप परवडत नाही. बदलायचे तर तिन्ही भाग एकदम बदलावेत. आणि वाचलेल्या वजनाएवढा ऊस आरसी बुकातल्या मर्यादेच्या आतच भरायचा. पत्र्याची ताकद वाढली म्हणून ब्रेक आणि टायर वाढलेले नसतात.

दराची तुलना किलोवर करू नये, तुकड्यावर करावी. लांब बीमात वजन १६.५ वरून ११.८ वर येते, म्हणजे किलोचा दर ४० टक्के जास्त असला तरी मालाचे पैसे तेवढेच. आडव्या पट्टीत ७ वरून ४ वर, तिथे ७० टक्क्यांपर्यंत जास्त दर खपून जातो. तळाच्या पत्र्यात ३३ टक्के. वर बेंडिंगची मजुरी येते, ती तयार चॅनेलला लागत नाही. कोटेशनमध्ये ती वेगळी लिहून घ्यावी.

माल घेताना

टेस्ट सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक, आणि कॉइलच्या लेबलावरचा किंवा पत्र्यावर मारलेला नंबर जुळला पाहिजे. कापून विकलेल्या तुकड्यांवर बहुधा नंबर राहत नाही, म्हणून पत्रा कापायच्या आधी पाहावा. सर्टिफिकेटवर तीन गोष्टी वाचायच्या.

पहिली यील्ड. दुसरी लांबण, म्हणजे इलाँगेशन: ई ४५० ला किमान २० टक्के, एस ७०० एमसी ला ३ मिमी आणि त्यापुढच्या जाडीत १२. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित, ती म्हणजे कार्बन. आयएस २०६२ ई ४५० मध्ये कार्बन ०.२२ टक्क्यांपर्यंत चालतो, एमसी मालिकेत ०.१२ च्या वर चालत नाही. दोन्ही पत्रे ‘४५०’ म्हणूनच विकले जातात. वेल्डिंगसाठी कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग, अधिक निकेल-तांब्याचा पंधरावा भाग. कार्बन ०.०८ आणि मँगनीज १.४ असेल तर तो ०.३२ च्या आसपास येतो. असा पत्रा कुठेही निर्धास्त वेल्ड करा. कार्बन ०.२० आणि मँगनीज १.५ असेल तर ०.४५. तोही वेल्ड होतो, पण ओलसर रॉड आणि घाई त्याला खपत नाही. पर्याय असेल तर पहिलाच घ्यावा, दोन रुपये जास्त गेले तरी.

सर्टिफिकेटवर विश्वास बसत नसेल तर पोर्टेबल हार्डनेस टेस्टरने अंदाज येतो. गंज आणि काळी खपली घासून चकचकीत जागेवर आकडा घ्यावा. ब्रिनेल आकड्याला साडेतीनच्या थोडे खाली, ३.४ ने गुणले की तुटण्याचा ताण मिळतो. साधा पत्रा १२०-१३० दाखवतो, ४५० चा १६५ ते १८०, ७०० चा २२० च्या वर. १३० दिसले तर हाय-स्ट्रेंथचे नाव घेऊन साधा माल दिला जातोय. मोठी ऑर्डर असेल तर एक पट्टी कापून टेन्साइल टेस्ट करून घ्यावी. सांगली, कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत युनिव्हर्सल टेस्टिंग मशिन असते. बाहेरचा नमुना घेतात का, हे विचारून बघावे.

पत्र्याचे माप ठरवताना एक सोय लक्षात ठेवावी. वर सांगितलेल्या २०० बाय ६० सेक्शनला साधारण ३०० मिमी रुंदीची पट्टी लागते. १५०० रुंदीच्या पत्र्यातून पाच पट्ट्या निघतात, तुकडा उरत नाही. १२५० च्या पत्र्यातून चार निघतात आणि उरलेली ५० ची पट्टी कशाच्याच कामाची नसते.

कापणे, वाकवणे, जोडणे

कापायला लेसर किंवा प्लाझ्मा चांगला. गॅसकटरही चालतो, पण मग वाकणारी कड एक-दोन मिलिमीटर ग्राइंड करून दातेरी रेषा घालवायला हवी. शिअरवर कापलेल्या पत्र्याची बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धार, बेंडच्या आतल्या बाजूला येईल असा पत्रा ठेवावा. वाकताना तडा जवळपास नेहमी बाहेरच्या कडेच्या दातेऱ्यापासून सुरू होतो.

चार मीटरचा बीम कॉइलच्या लांबीतच काढावा लागतो, त्यामुळे बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर येते. वाकवायला हीच दिशा अवघड. ४६० एमसी ला ५ मिमी जाडीत मानकाप्रमाणे आतली गोलाई जाडीइतकी चालते, पण समांतर बेंडला दीडपट, म्हणजे साडेसात मिमी ठेवणे शहाणपणाचे. ७०० ला ५ मिमी जाडीत किमान १० मिमी लागते. साध्या पत्र्याचाच टोकदार पंच लावून ‘कोपरा कडक काढून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावे. टोकदार कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा येतात, त्या रंगाखाली झाकल्या जातात आणि पहिल्याच हंगामात उघडतात.

प्रेसची ताकदही विचारून घ्यावी. ४ मीटर लांब, ५ मिमी जाड पत्रा ६० मिमी रुंद खाचेच्या व्ही-डायवर वाकवायला साध्या मालाला सुमारे १०० टन, ४५० ला १३५ आणि ७०० ला १९० टन लागतात. ज्याच्याकडे १०० टनी प्रेस आहे तो पत्रा गरम करून वाकवू पाहील, आणि गरम केल्याने काय होते ते वर आलेच आहे. पत्रा परत उघडतो तेही जास्त. साध्या मालात एक-दोन अंश सोडून भागते, इथे पहिला तुकडा वाकवून कोन मोजून मगच बाकीचे घ्यावे लागतात. आणि एका कॉइलचा अंदाज दुसऱ्या कॉइलला लागू धरू नये.

वेल्डिंगला ४५० ग्रेडसाठी सीओटू वेल्डिंगची नेहमीची ७०एस-६ वायर पुरते. हाताने करायचे तर ७०१८ रॉड हवा, ६०१३ नको. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे; पाकीट फोडून हवेत ठेवला की ओल धरतो आणि त्याचा सगळा उपयोग जातो. ३५० अंशांवर तासभर भाजून, मग १०० च्या वर गरम डब्यात ठेवून एकेक काढायचा. जून-जुलैत कृष्णाकाठच्या दमट हवेत हे पथ्य पाळले नाही तर वेल्ड वरून सुंदर दिसतो आणि त्याखाली, शेजारच्या तापलेल्या पट्टीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तडा जातो. वेल्ड झाल्या-झाल्या तपासून ‘ओके’ म्हटलेला जोड म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचा.

उष्णता कमी ठेवायची. २४ व्होल्ट, २०० अँपियर आणि मिनिटाला ३५० मिमी वेग असेल तर मिलिमीटरला सुमारे ०.८ किलोज्यूल निघतात, त्यातले ८० टक्के पत्र्यात जातात. ५ मिमीला एवढे पुरे. डोलवत डोलवत रुंद थर ओढण्यापेक्षा सरळ, अरुंद थर घ्यावा आणि दुसरा थर पहिला हात लावण्याइतका निवल्यावर. वेल्डच्या सुरुवातीला आणि शेवटी पडणारा खड्डा भरूनच चाप सोडावा. अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेने पत्र्यात पडलेली खाच, दिसला तर ग्राइंड करावा.

तडे कुठे जातात

ट्रॉली एकदम मोडत नाही. शेतातून निघताना, कॅनॉलवरच्या मोरीवर, कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतच्या खड्ड्यांत ती लाखो वेळा थोडी थोडी वाकते आणि शेवटी वेल्डच्या टोकाशी तडा धरतो. या थकव्याच्या बाबतीत हाय-स्ट्रेंथ पत्र्याचा लाभ शून्य. वेल्ड केलेल्या जोडाची थकवा सहन करण्याची मर्यादा पोलादाच्या ग्रेडवर अवलंबून नसते. युरोपियन डिझाइन संहिता तर सगळ्या ग्रेडना एकच आकडा देते. फ्लँजवर लांबीच्या दिशेने १०० मिमीहून लांब तुकडा वेल्ड केला असेल तर २० लाख आवर्तनांना तो आकडा फक्त ५६ मेगापास्कल आहे. यील्ड २५० असो की ७००, ५६ ते ५६. पातळ पत्रा घेऊन ताण वाढवला आणि तोच ब्रॅकेट त्याच जागी वेल्ड केला, तर तडा आधीपेक्षा लवकर येणार.

म्हणून पाट्यांचे हँगर खालच्या फ्लँजला वेल्ड करू नयेत. ट्रक बनवणारे हँगर चॅसीच्या उभ्या बाजूला, वेबला, रिव्हेट किंवा बोल्टने लावतात ते याचसाठी. ८.८ ग्रेडचे १६ मिमी बोल्ट, भोके ड्रिल केलेली, गॅसने पाडलेली नव्हे, आणि टॉर्क सुमारे २०० न्यूटन-मीटर. पहिल्या काही खेपांनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे. आडव्या पट्ट्यासुद्धा वेबला जोडाव्यात. खालच्या फ्लँजच्या कडेवर आडवा वेल्ड येऊ देऊ नये. एक्सलवर तर कसलाच टाका मारू नये, तिथे यू-बोल्टच.

ड्रॉबारबद्दल, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्याबद्दल, स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण तो तुटला की मागचा माणूस जातो. काही ठिकाणी ‘४०० हार्डनेस’ची वेअर प्लेट उरली म्हणून ड्रॉबारच्या कानाला लावलेली दिसते. हार्डॉक्स ४०० सारखी प्लेट, जिचा ब्रिनेल आकडा ३७० ते ४३० असतो, घासले जाण्यासाठी बनवलेली आहे: खडीच्या डंपरचा तळ, क्रशरचे च्यूट, बकेटची कड. तिथे तिला तोड नाही. जोर-झटके घेणाऱ्या, वेल्ड केलेल्या कानाला मात्र फोर्ज केलेला, ड्रॉबारसाठीच बनवलेला डोळाच बसवावा.

गंज

हाय-स्ट्रेंथ पत्रा गंजायला साध्याइतकाच तयार असतो. १५० च्या चॅनेलचा फ्लँज ९ मिमी असतो, त्यातला एक गेला तरी आठ राहतात. ५ मिमी मधला एक गेला की पाचवा हिस्सा गेला. उसाचा रस, माती आणि पाचट कोपऱ्यात साचून ओल धरते, आणि हंगाम संपल्यावर ट्रॉली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बांधावर पावसात उभी असते. सी-सेक्शन उघड्या बाजूने आत तोंड करून लावला तर आत हात घालून धुता येतो. दोन सी जोडून केलेला बंद बॉक्स दिसायला दणकट, पण आतून कुजतो. पाणी जायचे भोक वेबमध्ये खालच्या बाजूला ठेवावे, फ्लँजमध्ये नको. रंगाआधी काळी खपली काढावीच लागते, नाहीतर रंग तिच्यासकट सोलून निघतो. हंगाम संपताच धुऊन, सोललेल्या जागी प्रायमर मारून, मग ट्रॉली उभी करावी.

शेणखत, माती, वीट एवढ्यासाठी वर्षातून थोडे दिवस चालणारी ट्रॉली असेल तर साधा ई २५० चॅनेलच बरा. तो गावातला कुणीही दुरुस्त करू शकतो. ४५० ची ट्रॉली त्याने घ्यावी, ज्याची खेप रोज आहे आणि ज्याच्या जवळपास ७०१८ भाजून वापरणारा वेल्डर आहे.

भर हंगामात तडा दिसलाच तर त्यावर सरळ टाका ओढू नये. तड्याचे टोक शोधायला जागा घासून रॉकेल लावावे, पुसावे आणि वर खडूची पूड लावावी. तड्यातले रॉकेल वर येऊन रेघ दाखवते. दिसणाऱ्या टोकाच्या थोडे पुढे ८ ते १० मिमीचे भोक पाडावे, म्हणजे तडा तिथे थांबतो. मग तडा ग्राइंडरने व्ही करून तळापर्यंत उघडावा, भाजलेल्या ७०१८ ने भरावा आणि वरचा फुगवटा घासून सपाट करावा. जोरपट्टी लावायचीच तर ती वेबवर, बोल्टने, दोन्ही टोके तिरपी निमुळती कापून. चौकोनी पट्टी चारही बाजूंनी वेल्ड केली तर पुढचा तडा त्या पट्टीच्या उभ्या कडेलाच निघतो.